हात उलले, काय लावू?

आज बोलायचंय आपल्या हातांबद्दल. विषय तसा साधा आहे. थंडी पडली, हात उलले, बोटांना भेगा पडल्या, तर काय लावायचं? पण हा साधा प्रश्न आमच्या गटाच्या बैठकीत आला तो रेशनच्या दुकानातून आला, म्हणून आधी तीच हकीकत सांगतो.

पौष महिना होता. कांद्याची लागण जोरात चालू होती. आमच्या गटातल्या एक मावशी दहा-बारा दिवस रोज चिखलात बसून रोपं लावत होत्या. त्या धान्य आणायला गेल्या. मशीनवर अंगठा ठेवला, जुळला नाही. पुसून ठेवला, जुळला नाही. दुसरा अंगठा ठेवला, तोही नाही. अंगठ्याला दोन आडव्या चिरा पडलेल्या, बोटांची कातडी झिजून गुळगुळीत झालेली. त्यांना सांगितलं गेलं, "हाताला काहीतरी लावा आणि चार दिवसांनी या." मावशी रिकामी पिशवी घेऊन घरी आल्या. बैठकीत बचतीचे पैसे मोजताना नोटेला रक्त लागलं, तेव्हा आम्हाला हे कळलं.

मग सुरू झाले सल्ले. कुणी म्हणालं खोबरेल, कुणी म्हणालं ग्लिसरीन, कुणी व्हॅसलीन, कुणी कोरफड, कुणी मेणबत्ती वितळवून. एक आजी म्हणाल्या, "बिब्बा लावा, आम्ही तेच लावायचो." एक सून म्हणाली, "मेडिकलवाल्याकडून ट्यूब आणा, दोन दिवसात गुण येतो." सगळ्यांचं ऐकून मावशीच म्हणाल्या, "अगं, पण ह्यातलं खरं कुठलं?"

उत्तर आम्हालाही येत नव्हतं. म्हणून आम्ही शोधायचं ठरवलं. उपकेंद्रातल्या सिस्टरांना विचारलं, तालुक्याच्या वाचनालयात बसलो, जुन्या बायकांशी बोललो. शोधताना लक्षात आलं की हातांच्या भेगांना फार जुना इतिहास आहे, आणि तो समजला की दुकानात काय मागायचं हे आपोआप कळतं. तोच इतिहास आज सांगतो.

आधी हात का फुटतो ते बघू. आपल्या अंगावर जवळजवळ सगळीकडे बारीक तेलाच्या ग्रंथी असतात. त्या कातडीला आतून तेल देतात. पण तळहाताला आणि तळपायाला त्या नसतातच. तिथं फक्त घामाच्या ग्रंथी असतात. म्हणजे जे अवयव सगळ्यात जास्त राबतात, त्यांनाच घरचं तेल नाही. कातडीचा सगळ्यात वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. मेलेल्या पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध पदार्थाचा गिलावा. हा गिलावा शाबूत असला की आतलं पाणी आत राहतं. गिलावा धुऊन गेला की पाणी उडून जातं, कातडी कडक होते, आणि बोट वाकवलं की कडक कातडी तडकते. उन्हाळ्यात तळ्याचा तळ वाळून फुटतो, तसंच हे.

हा गिलावा धुऊन कशानं जातो? आपल्या रोजच्या कामानं. आणि इथून इतिहास सुरू होतो.

आमच्या आज्या भांडी राखेनं घासायच्या. धुणं रिठ्यानं, नाहीतर खारी मातीनं. लोक म्हणतात, जुनं ते सगळं चांगलं. पण तसं नाही. लाकडाच्या राखेत पाणी घातलं की तिखट क्षार उतरतो, आणि क्षार तेल खातो. तेलकट भांडं राखेनं लख्ख होतं ते त्याचमुळं. भांड्याचं तेल जातं तसं हाताचंही जातं. म्हणून आज्यांचेही हात फुटायचेच. फरक एवढाच, की कपडे थोडे होते, धुणं रोजचं नव्हतं.

पुढं बाजारात पावडर आली. १९५९ साली भारतात सर्फ आलं. ते शहरातल्या पैसेवाल्यांच्या घरापुरतं राहिलं. १९६९ साली अहमदाबादला करसनभाई पटेल यांनी घराच्या आवारात स्वस्तातली पिवळी पावडर बनवायला सुरुवात केली, सायकलवरून दारोदार विकली, आणि तिला मुलीच्या नावावरून निरमा नाव दिलं. स्वस्त पावडर गावोगाव पोहोचली. धुणं सोपं झालं, हे खरं आहे, आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण अशा कुठल्याही पावडरीत धुण्याचा सोडा आणि मळ सोडवणारी रसायनं असतात. ती मळाचं तेल आणि हाताचं तेल यात भेद करत नाहीत. बादलीत पावडर भिजवायची, त्यातच हात घालून चोळायचं, मग त्याच हातानं शेणसडा, भांडी, शेत. दिवसातून आठ-दहा वेळा हात ओला आणि आठ-दहा वेळा कोरडा. गिलावा टिकणार कसा?

त्यात आपली कामं. कापूस वेचताना बोंडाची टोकं बोचतात. ऊस तोडताना पाचट कापतं. बांधकामावरचा सिमेंट आणि चुना तर राखेपेक्षा जास्त तिखट. खत हातानं फेकलं की तेही कातडीचं पाणी ओढतं. म्हणून आम्ही पहिली गोष्ट शिकलो ती ही, की भेग म्हणजे बाईचा आळस नाही, "स्वतःकडे बघत नाही" असा तिचा दोष नाही. तो कामाचा घाव आहे.

आता उपायांचा इतिहास.

आपल्याकडे तूप आणि तेल हेच पहिले उपाय. आयुर्वेदात शतधौत घृत सांगितलं आहे. शतधौत म्हणजे शंभर वेळा धुतलेलं. तांब्याच्या परातीत गाईचं तूप घ्यायचं, थोडं पाणी घालून तळहातानं फेटायचं, पाणी ओतायचं, नवं घालायचं, असं शंभर वेळा. शेवटी तुपाचा वास आणि रंग जाऊन पांढरं, हलकं, लोण्यासारखं मलम होतं. भाजल्यावर, आग होत असेल तर ते लावायचे. यात झालं काय, तर तुपात पाण्याचे बारीक थेंब कोंडले गेले. तेल आणि पाणी एकत्र बांधणं, हीच तर आजच्या प्रत्येक क्रीमची युक्ती आहे.

कोकणातल्या बायकांनी दुसरी वाट काढली. कोकमाचं आमसूल झालं की बिया उरतात. त्या वाळवून, फोडून, कुटून पाण्यात उकळतात. वर तेल तरंगतं, थंड झालं की घट्ट होतं, त्याचे हातानं दाबून गोळे करतात. त्याला मुठेल म्हणतात. भिरंडेल असंही नाव आहे. मुठेल नुसतं दगडासारखं कडक, पण जरा ऊब दिली की वितळतं. टाचेच्या आणि हाताच्या भेगांत ते भरायची पद्धत कोकणात आणि गोव्यात जुनी आहे. टाकून द्यायच्या बियांतून औषध काढलं, ते बायकांनी. पुढं याच तेलाला परदेशातून मागणी आली, आणि आज ते महागड्या क्रीममध्येही असतं.

इकडे रोमच्या राज्यात, सुमारे अठराशे वर्षांपूर्वी, गॅलेन नावाचा वैद्य होता. तो मूळचा आजच्या तुर्कस्तानातल्या पर्गाममचा. मधमाशीचं मेण, ऑलिव्हचं तेल आणि गुलाबपाणी एकत्र घोटून मलम करायचं श्रेय त्याला देतात. लावल्यावर त्यातलं पाणी उडून गार वाटायचं, म्हणून त्याला पुढं कोल्ड क्रीम म्हणू लागले. आज दुकानात कोल्ड क्रीम मागतो, तेव्हा आपण गॅलेनचंच नाव न घेता त्याची वस्तू मागतो.

पण तेल, तूप, मेण या सगळ्यांची एक अडचण होती. ती खवट होतात. म्हणून एकोणिसाव्या शतकात तीन नव्या वस्तू आल्या, त्यांनी सगळं बदललं.

पहिली ग्लिसरीन. तिचा शोध त्याच्याही आधीचा, १७७९ सालचा. स्वीडनमधल्या शील नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला ऑलिव्हच्या तेलावर प्रयोग करताना गोड, दाट पाणी मिळालं. पुढं साबणाच्या कारखान्यांत तेच ग्लिसरीन ढीगभर मिळू लागलं, कारण साबण बनताना ते सुटतंच. ग्लिसरीन पाणी ओढून धरतं. पण ही गोष्ट दोन्ही बाजूंनी चालते. हवा कोरडी असेल आणि नुसतं ग्लिसरीन लावलं, तर ते कातडीतलंच पाणी ओढून घेऊ शकतं. म्हणून जुन्या बायका ग्लिसरीन गुलाबपाण्यात मिसळून लावायच्या, ते बरोबरच होतं.

दुसरी वस्तू व्हॅसलीन. १८५९ साली अमेरिकेतल्या टायटसव्हिल गावी जमिनीतून तेल लागलं. रॉबर्ट चेसब्रो नावाचा बावीस वर्षांचा तरुण तिकडे गेला. तिथले मजूर पंपाच्या दांड्याला चिकटणाऱ्या एका काळ्या मेणचट घाणीला कंटाळलेले होते. पण त्याच्या लक्षात आलं, की हात कापला, भाजला की हेच मजूर तीच घाण जखमेवर चोपडतात. त्यानं ती घरी नेली, अनेक वर्षं गाळून गाळून स्वच्छ केली, आणि १८७२ साली तिचं पेटंट घेतलं. म्हणजे या डबीची सुरुवात राबणाऱ्या मजुरांच्या फुटलेल्या हातांतून झाली. शोध चेसब्रोच्या नावावर आहे. पण उपयोग आधी मजुरांना कळला होता.

तिसरी वस्तू लॅनोलिन. हे मेंढीच्या लोकरीतलं मेण. लोकर धुताना ते निघतं. लोकरीच्या या चिकट मेणाचा औषधी उपयोग जुन्या ग्रीक लोकांनाही माहीत होता, पण त्याला उग्र वास यायचा. १८८२ च्या सुमारास जर्मनीत लिब्राइश आणि ब्राउन या दोघांनी ते शुद्ध करायची रीत काढली. लॅनोलिन कातडीच्या स्वतःच्या स्निग्ध पदार्थांच्या बरंच जवळचं आहे, आणि पाणी धरून ठेवतं. हे वाचलं तेव्हा आम्हाला माणदेशातले मेंढरांचे वाडे आठवले. आमच्या गटात धनगरवाड्यावरच्या तीन बाया आहेत. त्यातली एक हसून म्हणाली, "म्हणजे औषध आमच्या वाड्यातच होतं की!"

लोकरीच्या याच मेणापासून पुढं आयझॅक लिफशुट्झ या संशोधकानं असा पदार्थ काढला, की तेल आणि पाणी एकदा मिसळलं की फुटणार नाही. त्यावरून जर्मनीत हॅम्बुर्गला १९११ साली निव्हिया क्रीम निघालं. शतधौत घृत शंभर वेळा फेटून जे साधायचं, ते आता कारखान्यात डब्यांच्या हिशोबानं व्हायला लागलं, आणि महिनोन्‌महिने टिकायलाही लागलं.

आपल्या देशातही कारखाने निघाले. १९१९ साली मुंबईत इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांनी अफगाण स्नो आणलं. १९२९ साली कलकत्त्यात गौरमोहन दत्त यांनी बोरोलीन आणलं. स्वदेशीचे दिवस होते, परदेशी मालाऐवजी आपला माल हवा होता. त्या हिरव्या ट्यूबमध्ये लॅनोलिन, झिंक आणि बोरिक असं मिश्रण होतं. चिरा, भेगा, फुटलेले ओठ यासाठी ते घराघरात गेलं.

पण इथं एक गोष्ट लक्षात घ्या. स्नो हा हातासाठी नव्हता. तो चेहऱ्यासाठी होता. लावला की गायब होतो, तोंड पांढरट दिसतं, हा त्याचा गुण. त्यात तेल थोडं. पुढं १९७५ साली भारतात गोरं करायचं क्रीम आलं, आणि बाजार बाईच्या चेहऱ्यामागंच लागला. त्या क्रीमच्या नावातला गोरेपणाचा शब्द काढायला २०२० साल उजाडावं लागलं. या पंचेचाळीस वर्षांत आमच्यापैकी किती जणींनी मजुरीतले पैसे वाचवून ती ट्यूब घेतली असेल! चेहऱ्याला ट्यूब आणि रक्ताळलेल्या हाताला काहीच नाही. आम्हीही त्यातल्याच. हा हिशोब आम्ही बैठकीत काढला तेव्हा सगळ्या जरा वेळ गप्प होत्या.

आता या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा भाग.

हजारो वर्षं सगळ्या जगाला वाटायचं, की कातडी मऊ होते ती तेलानं. १९५२ साली अमेरिकेत बोस्टनला आयर्विन ब्लँक नावाच्या संशोधकानं हे तपासून बघितलं. त्यानं पायाच्या घट्ट्याची वाळकी, कडक कातडी घेतली. ती तेलात बुडवून ठेवली. ती कडकच राहिली. पाणी दिलं, तर ती मऊ झाली, वाकायला लागली. म्हणजे कातडी मऊ करतं ते पाणी. तेलाचं काम दुसरंच आहे. ते पाण्याला उडून जाऊ देत नाही. तेल म्हणजे रांजणावरचं झाकण. रांजणच रिकामा असेल, तर झाकण ठेवून काय उपयोग?

त्याच काळात आपल्या देशात, तमिळनाडूत वेल्लोरला, हाच धडा दुसऱ्या वाटेनं शिकला जात होता. डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली तिथल्या दवाखान्यात आले. ते कुष्ठरोग्यांच्या हातापायांवर काम करायचे. लोकांना वाटायचं, कुष्ठरोगानं बोटं आपोआप झडतात. डॉ. ब्रँड यांनी दाखवलं, की या रोगानं नसा मरतात, हाताला दुखणं कळत नाही, म्हणून जखमा वाढत जातात. शिवाय घाम बंद होतो, कातडी वाळते, भेग पडते, ती दुखत नाही म्हणून माणूस काम करतच राहतो, आणि भेगेतून जंतू आत शिरतात. म्हणून कुष्ठरोग्यांना आजही रोजची एक शिस्त शिकवतात: हातपाय साध्या पाण्यात वीसेक मिनिटं भिजवा, जाड झालेली कातडी हलकेच घासा, आणि ओलसर असतानाच तेल किंवा व्हॅसलीन लावा. या रुग्णांना समाजानं गावाबाहेर काढलं होतं. आणि भेगांवरचा सगळ्यात स्वस्त, सगळ्यात खरा उपाय त्यांच्या वस्त्यांमधून आपल्यापर्यंत आला आहे.

मैत्रिणींनो, आता दुकानात काय मागायचं, याचं उत्तर तुमचं तुम्हालाच देता येईल.

पाणी आत घालायचं आणि वर झाकण ठेवायचं. झाकण जितकं घट्ट, तितकं भेगाळलेल्या हाताला चांगलं. पातळ लोशनमध्ये पाणी जास्त, तेल कमी. ते लावायला बरं वाटतं, पण राबणाऱ्या हातावर टिकत नाही. क्रीम त्यापेक्षा बरं. आणि भेगा पडलेल्या असतील तर सगळ्यात चांगलं मलम, म्हणजे घट्ट, चिकट पदार्थ. साधं पेट्रोलियम जेली, म्हणजे आपण ज्याला व्हॅसलीन म्हणतो ते, पाणी अडवण्यात सगळ्यात पुढं आहे. बिनवासाचं, बिनरंगाचं घ्या. सुगंधानं फुटलेली कातडी चुरचुरते, कधी अंगावर पुरळही येतं. मुठेल मिळत असेल तर तेही उत्तम. खोबरेल घरात असेल तर खोबरेल लावा, पण ते लवकर जिरतं, म्हणून परत परत लावावं लागतं.

डबी घेताना किंमत बघू नका, आधी वजन बघा. लहान डबी स्वस्त वाटते, पण ग्रॅमच्या हिशोबानं मोठीच स्वस्त पडते. आमच्या गटानं एक मोठा डबा घेतला आणि ज्याच्या त्याच्या धुतलेल्या, कोरड्या डब्यांत वाटून घेतला. काढताना बोट घालायचं नाही, स्वच्छ चमचा वापरायचा, एवढा नियम केला.

कातडी फार जाड, घट्ट्यासारखी झाली असेल, तर युरिया असलेलं क्रीम मिळतं. युरिया पाणी धरून ठेवतं आणि जाड थर सैल करतं. पण उघड्या भेगेवर ते झोंबतं. आधी भेग भरू द्या, मग ते लावा. आणि हे शेतातलं खत नव्हे बरं का! कुणी पोत्यातला युरिया पाण्यात कालवून हात बुडवू नका. हसू नका, बैठकीत हा प्रश्न खरंच आला होता.

लावायची वेळ कोणती? रात्रीची, सगळं आवरल्यावर. कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं हात भिजवा. पाणी कडक नको. टॉवेलानं चोळू नका, टिपून घ्या. हात ओलसर असतानाच मलम लावा. वरून जुन्या सुती धोतराची पट्टी किंवा सुती मोजे घाला आणि झोपा. दिवसा भांडी, धुणं झालं की दर वेळी थोडं लावा. पावडर पाण्यात विरघळवताना हाताऐवजी काठी वापरा. रबरी हातमोजे परवडत असतील तर घ्या, पण ते आतून ओले झाले तर काढून वाळवा.

आता काय नको ते.

बिब्बा नको. आजींचा मान ठेवून सांगतो. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं. तो उतला की फोड येतात, सूज येते, कधी तोंडावरही. आजींनाच आम्ही विचारलं, तर त्यांनी मनगटावरचा जुना डाग दाखवला. मेणबत्ती गरम असताना भेगेत ओतू नका, भाजतं. चुना, रॉकेल, दात घासायची पेस्ट, काहीच नको.

आणि मेडिकलमधली "दोन दिवसात गुण" देणारी ट्यूब डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नको. त्यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉईड असतं. ते योग्य रोगावर, थोडे दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली चांगलं औषध आहे. पण मनानं महिनोन्‌महिने लावलं, तर कातडी पातळ होते, आणि गजकर्ण असेल तर ते दबून आतल्या आत पसरतं.

काही भेगा मलमाच्या नसतात, दवाखान्याच्या असतात. भेगेतून पू येतो, हात सुजतो, लाल होतो, तर उपकेंद्रात जा. मधुमेह असेल तर भेग अंगावर काढू नका. हाताला मुंग्या येतात, गरम कळत नाही, बधिर चट्टा आहे, तर लगेच दाखवा. कुष्ठरोगाचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, लवकर घेतलं तर हात वाचतात, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही.

आमच्यातल्या काही जणी म्हणाल्या, आपणच मलम बनवून विकू. आम्ही शतधौत घृत करून बघितलं. हात भरून आले, पण मलम छान झालं. पंधरा दिवसांनी मात्र त्याला वास यायला लागला. टिकवायचं ज्ञान आपल्याकडे अजून नाही, आणि विकायला सरकारी परवाना लागतो. म्हणून सध्या घरापुरतंच, थोडं थोडं, ताजं करायचं ठरलं.

आता पुन्हा मावशींच्या अंगठ्याकडे येऊ.

अंगठ्यालाही इतिहास आहे. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं एका करारावर सहीबरोबर ठेकेदाराच्या पंजाचा ठसा घेतला. तिथून ठशांची पद्धत वाढत गेली, आणि १८९७ साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांची कचेरी निघाली. आपल्याकडे कागदोपत्री "निशाणी डावा अंगठा" असं लिहिलं जायचं. सावकाराच्या कागदावर, सातबाऱ्याच्या अर्जावर, आमच्या आज्यांचा अंगठाच उमटला. काय लिहिलंय ते त्यांना कुणी वाचून दाखवलं नाही. म्हणून बचत गट सुरू झाले तेव्हा आम्ही पहिली गोष्ट काय केली? सही शिकवली. मावशींनी पन्नाशीत पाटीवर नाव गिरवलं. बँकेत शाईचा डबा पुढं आला तेव्हा त्यांनी तो बाजूला सारून पेन मागितलं. तो दिवस आमच्या गटाच्या वहीत लिहून ठेवलेला आहे.

मग २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला, आपल्याच महाराष्ट्रात, एका आदिवासी वस्तीच्या गावात. पुढं रेशनचं मशीन आलं. आणि सही शिकलेल्या मावशींना पुन्हा अंगठा विचारला गेला. या खेपेला अंगठा होता, पण कामानं त्याच्या रेषाच पुसल्या होत्या.

मावशींनी महिनाभर रोज रात्री हात भिजवून मलम लावलं. दहा-बारा दिवसांत भेगा भरल्या. पुढच्या महिन्यात आम्ही दोघी-तिघी त्यांच्याबरोबर दुकानात गेलो. मशीनवर बोट ठेवण्याआधी तेल पुसून घ्यायचं असतं, ते पुसलं. अंगठा तरीही जुळला नाही. मधलं बोट जुळलं. धान्य मिळालं.

म्हणून ही शेवटची गोष्ट नीट ऐका. अंगठा नाही तर दुसरं बोट लावून बघायला सांगा. मोबाईलवर येणारा आकडा किंवा डोळ्याचं मशीन आहे का, ते विचारा. घरातल्या दुसऱ्या माणसाचं बोट चालतं. आणि बोट जुळत नाही म्हणून कुणाचं धान्य अडवू नका, असं केंद्र सरकारनं २०१७ सालीच राज्यांना कळवलेलं आहे. एकटीनं बोलायची भीती वाटली तर गटानं जा. आम्ही तसंच गेलो.

मलम हात भरून काढेल. पण झिजलेल्या रेषा परत यायला वेळ लागतो, आणि उद्या परत कांद्याचं वाफं आहेच. हात फुटला म्हणून बाईची भाकरी थांबू नये, एवढं आपण बघायचं.

पुढच्या बैठकीला येताना आपापली डबी आणा, मोठा डबा अजून अर्धा शिल्लक आहे.